दहा दिवसांत परत करायचा हेडफोन

३ नोव्हें., सोम.

पार्सल आलं. खोका एवढा मोठा की भावजींना वाटलं चुकून दुसऱ्याचाच माल आला. उघडला तर हेडफोनच. दोन्ही कानांना बाहेरून नुसती जाळी, आतलं सगळं दिसतंय. भावजी खोका उलटा धरून झटकायला लागले.

"वहिनी, ह्याची झाकणं न्हाय आली."

म्हटलं, झाकणं नसतातच. हा मागून उघडाच असतो, म्हणून आवाज कोंडत नाही. मिक्सिंगला असाच लागतो.

"म्हंजे एवढ्या किमतीत अर्धाच माल दिला व्हय!"

कपाळाला हात लावला मी.

पसंत नाही पडला तर दहा दिवसांत परत घेतात. म्हणजे १३ तारखेच्या संध्याकाळपर्यंत. तोवर आवाज कसा, कानाला बसतो कसा, किती वेळ घालून राहवतं, सगळं तपासून सांगायचं. कुणी? मीच. "मला त्यातलं काय कळतंय? तुमीच बघा." हे वरच्या खोलीत, दार लोटून. खाली दुकानात चार माणसं बसली की हेच आमचे धाकटे दीर छाती काढून सांगणार, "मिक्सिंग आपण सोता करतो." सहा वर्षं झाली ह्या स्टुडिओला. रेकॉर्डिंग मी, मिक्सिंग मी, यूट्यूबला चढवणं मी. पाटी रमेशभावजींची. आमचे हे खाली बी-बियाणांच्या दुकानात असतात, सहा वर्षांत सहा वेळा जिना चढले नसतील. त्यांच्या मते मी वर टायपिंग करते.

जाऊ दे. नवी वही आहे, पहिल्याच पानाला कडू नको.

४ नोव्हें.

स. दुकानातल्या काट्यावर वजन केलं. जुन्यापेक्षा भारी भरला. हाताला जड लागतो पण डोक्याला तेवढा नाही, वरची पट्टी रुंद आहे. गाद्या मखमली, कान पूर्ण आत जातो. जुन्याच्या रेक्झिनमध्ये अर्ध्या तासात कान उकडून निघायचे. पत्र्याची खोली, रेकॉर्डिंगला पंखा बंद, दार बंद. ह्यात कानाला वारं लागतं. एवढं एक मानलं.

पण चिमटा! कानशिलं धरून ठेवतो मेला. आणि करणाऱ्यानं बाई माणूस डोळ्यापुढं धरलेलंच नाही. कुड्यांचं मळसूत्र मागून रुततं, म्हणून कुड्या काढल्या. अंबाडा पट्टीला अडतो, म्हणून सोडून खाली बांधला. गळ्यातलं वायरीत गुंततं, ते पदराखाली खोचलं. लग्नात अंगावर चढवलेलं एकेक उतरवलं तेव्हा कुठं हेडफोन नीट बसला.

चिमटा सैल व्हावा म्हणून घरी नेऊन ज्वारीच्या पिठाच्या डब्यावर चढवून ठेवलाय. जेवताना ह्यांनी विचारलं, "डब्याला काय झालं?"

म्हटलं, त्याला गाणी ऐकायची हायेत.

हसले नाहीत. आमटी वाढ म्हणाले.

५ नोव्हें., बुध.

डब्याचा उपयोग झाला. चिमटा सुसह्य. दु. दोन ते पाच सलग घातला. पहिला तास काही नाही, दुसऱ्या तासाला टाळूवर पट्टी जाणवते, तिसऱ्याला मान भरते. आपल्या रेकॉर्डिंगच्या मशीनवर आवाजाचं बटण नेहमीपेक्षा बरंच पुढं न्यावं लागतं, नाहीतर हा नीट बोलत नाही.

आवाज. काय लिहू? जुन्यात सगळे वाजवणारे डोक्यात कोंबून बसवल्यागत वाटायचे. ह्यात ज्याला त्याला जागा आहे. तुणतुणं डाव्या खांद्याच्या मागं, दिमडी समोर, घंटी लांब उजवीकडं. गाणारा ओठ उघडतो तेसुद्धा कळतं. ढोल मात्र बारीक. बारीक म्हणजे जेवढा वाजवलाय तेवढाच. भावजींनी दोन मिनिटं लावून बघितला, "ढोल पोटात बसंना वहिनी." म्हटलं, पोटात जेवण बसवायचं असतं. "स" जरा टोचतो, ते खरं.

मग हौसेनं मीच केलेली जुनी गाणी लावली. नको ती हौस. एकात इको नुसता ओतलाय. दुसऱ्यात आवाज चिरतोय. तिसऱ्यात हायवेवरच्या ट्रकचा हॉर्न, आख्खा, कडव्याच्या मधोमध, आणि तीन वर्षं तो मला ऐकू आला नाही! लाखभर लोकांना ऐकवलं मी ते. लाज वाटली. तोंडावर खरं सांगणारं घरात दुसरं कुणी नव्हतंच.

मग ती तीन गाणी आली. माझी. शब्द माझे, चाल माझी. खाली यूट्यूबवर काय लिहिलंय? "गीत : पारंपरिक." भावजी म्हणाले होते, "घरातल्या बाईचं नाव तिथं नको वहिनी, लोक काय म्हणतील? पारंपरिक लिवा. देवाच्या गाण्याला कोण विचारतंय?" आणि टाईप कुणी केलं? ह्याच बोटांनी. तिन्ही वेळा. मी एक्केचाळीस वर्षांची आहे, रोज भाकरी थापते, जिना चढते, भांडते, आणि मी पारंपरिक.

पुढं ऐकवेना. बंद केलं.

७ नोव्हें., शुक्र.

परत द्यायचा झाला तर गाद्यांना घाम, तेल लागून चालायचं नाही. शेजारच्या गाळ्यात शबाना शिवणकाम करते, तिला मलमलीच्या टोप्या शिवायला सांगितल्या. मापाला हेडफोन हातात घेऊन हसत सुटली. "या अल्ला, जुळ्या लेकरांना कुंची शिवल्यागत वाटायलंय गं मला." दहा मिनिटांत शिवून दिल्या, इलॅस्टिक लावून. दिसायला गोड.

घालून ऐकलं तर घंटीचा जीवच गेला. कान आणि आवाज ह्यांच्या मधी एवढंसं पातळ कापड, तरी फरक पडतो. सगळं शेजारच्या खोलीत चाललंय असं. काढून टाकल्या. शबाना म्हणाली, "माझी मेहनत पाण्यात." म्हटलं, भाकरीवर झाकायला होतील. पाठीत धपाटा घातला तिनं.

तिला माझं गाणं माहीत आहे. तिची मशीन आणि माझी खोली ह्यांच्या मधी एकच भिंत. दुसऱ्या कुणाला विशेष माहीत नाही. नवी नवरी होते तेव्हा चुलीपुढं गुणगुणले होते, सासूबाई म्हणाल्या, "हितं तमाशा नको." त्या जाऊन आठ वर्षं झाली, पण घरात तोंड उघडायची सवय मोडली ती मोडलीच. काय असेल ते वर, दार लावून.

८ नोव्हें., शनि.

चौथं गाणं झालं. ह्या खेपेला खरंच चांगलं झालंय, मलाच सांगायला लागतं.

यात्रा तोंडावर आली. यात्रा झाली की आमचा अणदूरचा खंडोबा नळदुर्गला राहायला जातो, दोनेक महिने. इथला गाभारा तेवढे दिवस रिकामा. त्यावर बाप्यांनी गाणी केलीत, घोड्याची केलीत, भंडाऱ्याची केलीत. रिकाम्या गाभाऱ्यापुढं जी बाई रोज झाडून सडा घालते, तिचं कुणी केलं नाही. मी केलं. शेवटचं कडवं असं आलं,

जायाचं तर जा मल्हारी, मागं वळून बघू नको
रिकाम्या ह्या देव्हाऱ्याला कुलूप मातुर लावू नको

दुसऱ्या ओळीला चाल एकदम खाली उतरते. तिथं माझं मलाच भरून आलं. वेडेपणा.

पायलट गाऊन ठेवलं. गाणाऱ्याला चाल कळावी म्हणून आधी कुणीतरी गाऊन ठेवतं, ते पायलट. गायकाच्या कानात ते चालू असतं, तो त्याच्यावर आपलं गातो. काम झालं की पायलट पुसायचं. सहा वर्षांत किती पुसले, देव जाणे.

भावजींनी ऐकलं. "ब्येस्ट! मुरुमचे शाहीर गातील. सोमवारी येतायत."

म्हटलं, ह्या वेळी नाव टाका.

"बघू की."

बघू नका, टाका.

"वहिनी, गाणं शाहिराच्या नावानं चालतंय. तुमच्या नावानं कोण ऐकंल?"

तळपायाची आग मस्तकात गेली. गेली आणि काय केलं? चहा ठेवला. माझ्या रागाचा दरवेळी चहाच होतो.

१० नोव्हें., सोम.

शाहीर आले. सगळे त्यांना तात्या म्हणतात. सत्तरी पार, पांढरंशुभ्र धोतर, आणि फेटा. फेटा म्हणजे फेटा. जुना बंद हेडफोन त्यावर काही केल्या बसेना. फेटा काढा म्हणायची छाती कुणाची? तेच म्हणाले, "फेटा काढून म्या देवाचं गाणं म्हणलं न्हाय कदी." भावजींनी झटक्यात नवा आणून दिला. ह्याची पट्टी ताणली जाते, फेट्यावरून अलगद आला, मखमल कानाला लागली. तात्या खूश. "आं, ह्यो खरा राजेशाही."

मी भावजींना जिन्यात नेऊन सांगितलं. हा गायकाला द्यायचा नसतो. मागून उघडा आहे. कानातलं सगळं बाहेर येणार, समोर माईक आहे, माईक ते उचलणार.

"एवढा महागाचा हाय वहिनी, गळंल कसा?"

आता ह्याला काय सांगायचं? स्वस्त गळतो आणि महाग गळत नाही, हा ह्यांचा अभ्यास. म्हटलं, फेट्याचे दोन वेढे सैल करून जुनाच घाला.

"पाव्हण्याम्होरं मला शिकवू नका."

त्यात तात्यांचा एक कान जड. "वाढव... आणिक वाढव गं बाई... हां." काचेपलीकडून मला माझाच आवाज बारीक ऐकू येत होता. मी हातानं खूण करत होते, भावजी बघत नव्हते.

तात्या गातात मात्र झकास, खोटं कशाला बोलू. आवाजाला वय आलंय, पण त्या वयाचाच एक गोडवा आहे. ओळ कुठं सोडायची ते त्यांना सांगावं लागत नाही. शेवटच्या कडव्याला दम लागला. पहिली ओळ म्हणाले आणि खोकल्याची उबळ आली, दुसरी राहिलीच. पुन्हा घेऊ म्हटलं तर खाली गाडी हॉर्न मारतेय, संध्याकाळी त्यांचं जागरण. भावजी त्यांना जिन्यावरून उतरवता उतरवता म्हणाले, "काय काळजी नको तात्या. जुळवतो म्या."

म्या!

११ नोव्हें.

स. दहाला बसले. पायलट बंद केलं, वाद्यं बंद केली, तात्यांचा आवाज तेवढा ठेवला.

तात्या गातायत आणि त्यांच्या मागं मी गातेय.

वाटलं बटण राहिलं. बघितलं, पायलट बंदच आहे. माईकनं उचललंय. जे होणार म्हणून जिन्यात सांगितलं होतं तेच, हुबेहूब. तात्या कानातलं ऐकून गाणार, म्हणून दर ओळीला केसभर उशिरा, आणि त्या केसभरात मी. ते श्वास घेतात तिथं मी. वाद्यं चढवून बघितली, तरी ह्या हेडफोनमध्ये मी आहेच. मोठ्या स्पीकरवर लावलं, तिथं ढोलाखाली सगळं बुडतं. मोबाईलवर तर नाहीच नाही.

आणि शेवटचं कडवं. पहिली ओळ तात्यांची. तिच्यामागचा खोकला कापला. दुसऱ्या ओळीला तात्या नाहीत. एकटी मी. बारीक, लांबून, पत्र्याच्या डब्यातून यावी तशी. पण शब्द न् शब्द. "कुलूप मातुर लावू नको."

पुसायच्या आवाजाला मी कधी असं कान देऊन ऐकलंच नव्हतं.

शबानाला हाक मारली. काय आहे ते सांगितलं नाही, नुसता हेडफोन कानाला लावला. ऐकता ऐकता म्हणाली, "शाहिराच्या मागं कुणी बाई हाय का गं?... थांब थांब... अगं, तू हायेस की ही!" दोन ओळींत ओळखलं. मग म्हणाली, "काढणार हे?"

म्हटलं, काढावंच लागतं. रेकॉर्डिंगमधली चूक आहे ही.

"कुणाची चूक?"

चूक तर आहेच. दुसऱ्या कुणाच्या स्टुडिओतून असं गाणं आलं असतं तर मीच नाकानं कांदे सोलले असते. हेडफोन घालून तशीच बसून राहिले. दुपारची भाकरी साडेतीनला खाल्ली.

१२ नोव्हें., बुध.

आज सगळं झालं. ओळीनं लिहिते, नाहीतर डोकं फुटंल.

स. तात्यांना फोन केला. म्हटलं शेवटची एक ओळ पुन्हा द्याल का? घसा पार बसलाय, ऐकूनच कळलं. यात्रेपर्यंत रोज कार्यक्रम. "जमायचं न्हाय बाई. पर एक विचारतो. त्यो तुमचा कॉम्प्युटर लई दमानं गातो की वो!"

कुठला कॉम्प्युटर?

"तुमचा दीरच म्हणला, आता कानातलं गाणं कॉम्प्युटर गातो म्हणून. म्या म्हणलं, कॉम्प्युटर बी मधी श्वास घेतोय व्हय! शेवटाला तर त्येचा आवाज दाटून आल्यागत झाला. म्या घाबारलो."

मी म्हटलं, "तात्या, तो कॉम्प्युटर मीच."

मला वाटलं रेंज गेली.

"गाणं कुणाचं?"

माझंच.

"मग मला कशाला बोलावलं?"

तेच पुढं म्हणाले, "म्या बोलू का त्येला, पोरी?" आणि मी काय म्हणाले? नको तात्या, घरात वांदे होतील. का म्हणाले असं? दिवसभर स्वतःला विचारतेय. इतकी वर्षं नको म्हणून म्हणून जिभेला तेवढं एकच येतं.

दु. भावजींना सांगितलं. त्यांनी आधी स्पीकरवर ऐकलं, "कुठं काय हाय?" मग हेडफोन लावला. "हां. हाय बारीक. पुसा."

आणि ती ओळ? तिथं तात्या नाहीतच.

"तिथं ढोल घाला जोरात. यात्रेचं गाणं हाय, कोण ओळी मोजतंय?"

ढोल! रिकाम्या गाभाऱ्यावर ढोल!

म्हटलं, पुसते. सगळं पुसते, एवढं स्वच्छ करते की कुणाच्या बापाला कळायचं नाही. पण खाली माझं नाव पडलं पाहिजे. गीत आणि चाल.

"परत तेच!"

परत तेच. आणि तात्यांना कॉम्प्युटर म्हणून का सांगितलंत?

तोंड पडलं त्यांचं. क्षणभरच. मग आवाज चढला. "तुमाला घर बघायचंय का नाव बघायचंय? म्या दिलं म्हणून ह्या खुर्चीत बसताय. उद्या संध्याकाळपतूर गाणं चढलं पायजे, पारंपरिक लिवून. जमत नसंल तर वरची किल्ली द्या, सोलापूरचा माणूस आणतो. आन् त्यो हेडफोन उद्या परत. त्यात नको ते ऐकू येतंय."

दार आपटून गेले. जिन्यातून परत वर येऊन मोबाईल विसरला होता तो घेऊन गेले.

जेवताना ह्यांना म्हटलं, भावजी माझं नाव टाकत नाहीत.

"कशावर?"

गाण्यावर.

"टायपिंगवाल्याचं नाव टाकत असतात व्हय?" भाकरी मोडता मोडता. "त्याचा धंदा हाय. तू कशाला मधी पडतीस?"

मधी! बोलून तरी काय, ह्यांनी एक गाणं कधी शेवटपर्यंत ऐकलं नाही. दुकानातल्या मोबाईलवर बाजारभाव आणि बातम्या. माझंच चुकलं. पहिल्या वर्षी हाताला धरून वर न्यायला हवं होतं. तेव्हा वाटलं, आपणहून येतील.

१३ नोव्हें., गुरु.

आज शेवटचा दिवस. स. आठलाच वर आले. आधी हेडफोनचा निकाल लिहून टाकते, काम म्हणून दिलंय तर काम पुरं करायचं.

आवाज खरा. ढोल वाढवून सांगत नाही, गाणाऱ्याला झाकत नाही. जागा चांगली दाखवतो. "स" टोचतो, पण तो आपल्या माईकचाही दोष असेल. गाद्या उत्तम, कान गरम होत नाहीत. चिमटा सुरुवातीला कडक, डब्यावर ठेवला की बरा. दोन तासांनी पट्टी जाणवते. कानात काही घातलेलं असलं तर काढावं लागतं. बाहेरचा सगळा आवाज आत येतो, हायवे, शबानाची मशीन, खालची गिऱ्हाइकं. गायकाला देऊ नये. ठेवून घ्यावा. हे मत कुणी मागितलेलं नाही.

मग साफ करायला बसले. रागानं बसले, पण काम हातात आलं की राग कुठं जातो कळत नाही. श्वास न् श्वास, केस न् केस. तात्यांचा आवाज दुखवायचा नाही आणि मागची मी काढायची. चार तास. मान धरली. ही सफाई ह्या हेडफोनशिवाय झालीच नसती. सोलापूरच्या माणसाला ती मागची बाई ऐकूसुद्धा आली नसती. शबाना मधे चहा देऊन, डोक्यावर हात ठेवून गेली. रडू येईल असं काही करू नये लोकांनी.

तीन वाजेपर्यंत सगळं पुसून झालं. शेवटची ओळ सोडून.

तिथं ढोल घालून बघितला. पाच मिनिटं ठेवला. काढला. मूळ पायलटमधली ओळ उचलून स्वच्छ लावून बघितली, तात्यांच्या शेजारी ती उपरी वाटली. मग माईकनं उचललेलीच होती तशी ठेवली, लांबची, बारीक. वाद्यं तिथं थांबवली, नुसतं तुणतुणं ठेवलं. आता ती मोबाईलवरसुद्धा ऐकू येते. हे बरोबर की चूक, कळत नाही. गाण्याला बरोबर आहे. एवढं कळतं.

चढवायचं पान उघडलं. गायक, तात्यांचं नाव लिहिलं. संगीत, भावजींचं नाव, ते आधीच भरलेलं असतं. गीत, आणि पुढं जागा. बोटं "पा" वर सवयीनं गेली, मागं घेतली. किल्ली टेबलावर काढून ठेवलीय. माझं नाव लिहिलं तर उद्यापासून ही खुर्ची नाही, आणि ही खुर्ची नाही तर पुढचं गाणं नाही. खाली बसून युरियाच्या पावत्या लिहीन. पारंपरिक लिहिलं तर खुर्ची राहील, आणि त्या खुर्चीत जी बसेल तिला मी तोंड दाखवणार नाही.

पाचला जिन्यावर पावलं वाजली. वाटलं, आले भावजी. बघते तर हे! गुडघ्यावर हात ठेवून, धापा टाकत.

"रमेशनं हेडफोन मागितलाय. पार्सलवाला येतोय, दे."

खोका पुढं केला. मग काय मनात आलं कोण जाणे. म्हटलं, द्यायच्या आधी एकदा कानाला लावून तर बघा.

"मला त्यातलं काय कळतंय."

तरी बसले. माझ्या खुर्चीत. मी हेडफोन त्यांच्या डोक्यावर नीट बसवला, टोपी काढून. शेवटचं कडवं लावलं. मागून उघडा, त्यामुळं मागं उभं राहून मलाही ऐकू येत होतं. तात्यांची ओळ गेली, हे खिडकीतून बाहेर बघत होते. दुसरी ओळ आली. मान वर केली.

"परत लाव."

लावलं.

"परत."

तीनदा ऐकलं. तिसऱ्यांदा डोळे मिटले होते. एवढं शांत तोंड मी ह्यांचं झोपेतसुद्धा पाहिलेलं नाही. मग हेडफोन काढून मांडीवर ठेवला आणि त्याच्याकडंच बघत म्हणाले, "कोण बाई हाय ही?"

का, म्हटलं.

"न्हाय, लई ग्वाड गाती. शाहीर बी चांगलाच हाय. पर रमेशला सांग, हिला काढू नको म्हणावं." जरा थांबून म्हणाले, "नाव काय तिचं?"

लग्नाला एकोणीस वर्षं झाली. सकाळ-संध्याकाळ ह्या माणसाला मी जेवायला हाक मारते.

आधी हसू आलं. मग ते तोंडातच राहिलं. हेसुद्धा मीच सांगायचं? म्हटलं, खाली जाऊन तुमच्या भावालाच विचारा.

खरंच उठले. टोपी घातली, कठडा धरून एकेक पायरी उतरत गेले. हेडफोन खुर्चीतच राहिला.

दहा मिनिटं झाली. गीतपुढची जागा अजून मोकळी आहे. खाली दोघा भावांचं बोलणं सुरू झालंय. आवाज चढलाय, पण कुणाचा ते इथून कळत नाही.